जित्या जनावराची गाडी

१६ फेब्रुवारी

आजपासून लिहून ठेवणार आहे. बोलून उपयोग नाही. घरात बायको उमा ऐकत नाही, आणि गावात जे ऐकतात ते हसायला ऐकतात.

गाडी आज कळंबहून आली. दोन चाकांची, बुटकी, जमिनीपासून जेमतेम वीतभर वर. मागचं फाळकं पाडलं की उतरण होते. खाली रबराचं मॅट, त्यावर सरकणारी एक रुंद फळी, आणि ती वर ओढून घ्यायला हातानं फिरवायचं चाक. वर ताडपत्री. डेअरीचे कॅन नेणाऱ्या गोरोबाच्या पिकअपच्या मागं जोडली की झालं. बसलेलं, उठता न येणारं जनावर फळीवर कुशीनं घ्यायचं आणि फळीसकट आत सरकवायचं. जनावराला ओरखडा उठत नाही. मी स्वतः फळीवर आडवा पडून पाहिलं. तेवढ्यात दुधाला निघालेल्या बायका दारातून गेल्या. आता गावात गाडीचं नाव पडलंय ‘शरणप्पाची पालखी’.

हसू देत. दिवाळीनंतर ढोकीच्या रस्त्यावर जे पाहिलं ते यांनी पाहिलेलं नाही. ट्रॅक्टरच्या मागं साखळीनं बांधलेली म्हैस मुरुमावरून फरफटत चालली होती. मला वाटलं मेलेली असेल. जवळ गेलो तर डोळे उघडे आणि एक कान हलत होता. मालकाला थांबवलं तर म्हणाला, “दवाखान्यात न्हेतोय आप्पा. उठंना तर काय करू? खांद्यावर घिऊ?” त्याच्या बोलण्यात तथ्य होतं, म्हणून त्याचा जास्तच राग आला. कळंबला उभं आयुष्य आडत केली मी. हमालानं ज्वारीचं पोतं ओढलं तर शिव्या द्यायचो, फाटेल म्हणून. पोत्याला जपत होतो आणि इथं जितं जनावर ओढत होते. त्या दिवशी जेवण गेलं नाही. दुकान आता पोरगा बघतो, मला वेळ आहे. म्हणून ही गाडी.

उमा गाडीभोवती एक फेरी मारून आत गेली. “तुमच्या गुडघ्यांला लागंल उद्या. चांगली बुटकी हाय,” एवढंच म्हणाली.

१९ फेब्रुवारी

डॉक्टर निकिता आल्या होत्या. तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टर. माझ्या धाकट्या मुलीच्या वयाच्या, स्कुटीवर गावोगाव फिरतात. गाडी पाहून खूश झाल्या. एखाद्याला तरी अक्कल आहे.

चहाला बसलो आणि नियम लिहायला घेतले. ओढायचं नाही. पाय बांधायचे नाहीत. शेपूट पिळायची नाही, शिंगाला धरून उचलायचं नाही. डोळ्यांवर फडकं टाकायचं म्हणजे जनावर बिचकत नाही. मान पेंढीवर टेकवायची. एका वेळी एकच जनावर. उन्हात ओलं पोतं अंगावर. इथवर आमचं एकमत.

मग त्या म्हणाल्या, “आणि सगळ्यात आधी हे लिहा काका. डॉक्टरनं बघून दाखला दिल्याशिवाय जनावर जागचं हलवायचं नाही.”

मी म्हणालो, “मग गाडी कशाला केली?”

“निम्मी जनावरं जागेवरच उठतात. सलाईन दिलं, कूस बदलली, अंगाखाली गवत टाकलं की उठतात. उरलेल्यातली बरीच कुठंही नेली तरी उठत नाहीत, उलट हलवल्यानं हाल होतात. मधली जी थोडी राहतात ना, त्यांच्यासाठी गाडी.”

एवढ्या थोड्यांसाठी मी हा खटाटोप केला हे ऐकून काही बरं वाटलं नाही. नियम लिहिला. पण सगळ्यात आधी नाही, खाली लिहिला. वरच हे वाचून लोक गाडी बोलावतील का?

उमा कप उचलायला आली आणि तिनं विचारलं, “मेलेलं बी न्हेनार का ह्यात?”

म्हणालो, बघू, अडल्यानडल्याला न्यावं लागेल.

“मग साकु,” म्हणाली. उमा उमरग्याकडची, वैतागली की तिच्या तोंडून कानडी येतं, ‘पुरे झालं’ म्हणून. “एकदा का मढं गेलं की जित्या गायीच्या दारात ही गाडी कोण हुबी करू देईल? मढ्याची गाडी दारात आली म्हंजी जनावर गेलंच म्हणून समजत्यात बाया.”

डॉक्टर म्हणाल्या, काकूंचं बरोबर आहे. मला अंधश्रद्धा पटत नाही. पण गाडी चालली पाहिजे. म्हणून तो नियम सगळ्यात वर घेतला, मोठ्या अक्षरात. मेलेलं जनावर या गाडीत कोणत्याही परिस्थितीत घेतलं जाणार नाही.

२१ फेब्रुवारी

गाडीच्या दोन्ही बाजूंना पेंटरकडून लिहून घेतलं: ‘फक्त जित्या जनावरासाठी’. खाली बारीक अक्षरात बाकीचे नियम. देवळाच्या भोंग्यावरून आज मीच नियम वाचून दाखवले. मेलेल्या जनावराचा नियम तीनदा वाचला. खाली पारावर बलभीम बसला होता. नंतर म्हणाला, “शरण्या, लगीन असल्यागत बोलत व्हतास.”

बलभीम माझा लहानपणापासूनचा मित्र, शेजारी पण आहे. या गावात मला ‘आप्पा’ न म्हणणारा तो एकटाच.

५ मार्च

गाडीला एकही हाक नाही.

आज वरच्या वस्तीवर गाय बसली म्हणून कळलं. व्यायल्यावर बसली होती. गोरोबाला उठवलं, पिकअप जोडली, पोहोचलो. डॉक्टर निकिता आधीच तिथं, सलाईन लावून बसलेल्या. मला म्हणाल्या, “थांबा काका, घाई नको.” थांबलो. बाटली संपता संपता गायीनं अंग झटकलं, पुढचे गुडघे टेकले आणि उभी राहिली. सगळे हसायला लागले. म्हातारी मालकीण गायीच्या गळ्यात पडली.

मीही हसलो. चांगलंच झालं. पण रिकामी गाडी घेऊन गावातून परत येताना पोरं ओरडत होती, “पालखी रिकामी आली, देव रुसला!” गोरोबा पण हसत होता. एकदा तरी एक जनावर घेऊन, ठरवल्यासारखं नीट, दवाखान्यात नेऊन दाखवलं पाहिजे. त्याशिवाय यांची तोंडं बंद व्हायची नाहीत.

११ मार्च

आज भांडण झालं.

आण्णासाहेबांची म्हैस मेली. आण्णासाहेब म्हणजे गावातलं मोठं घर, उसाचं रान थेट ओढ्यापर्यंत. त्यांनी दोन माणसं पाठवली, गाडी द्या, म्हैस रानात नेऊन पुरायची आहे. मी नाही म्हणालो. थोड्या वेळानं ते स्वतः दूध डेअरीवर आले. सकाळची वेळ, सगळं गाव तिथं कॅन घेऊन उभं.

“शरणप्पा, गाडी कुणासाठी केलीय? शोभंला?”

“जित्या जनावरासाठी. बाजूला लिहिलंय.”

“माजी म्हैस काल जिती व्हती.”

“काल बोलवायचं होतं.”

हे मी बोलायला नको होतं. लोक हसले आणि आण्णासाहेबांचा चेहरा लाल झाला. “कायदा काढलाय व्हय? आडत्याच्या तोंडाला कायदा शोभत न्हाय. बगू किती दिवस टिकतोय तुमचा कायदा,” म्हणाले. मीही पेटलो. म्हणालो, आण्णासाहेब, माझ्या सख्ख्या भावाची गाय असली तरी मेल्यावर या गाडीत जाणार नाही.

बलभीम मधे पडला. “जाऊ द्या आण्णा. एकदा ठरलं म्हंजी ठरलं. शरणप्पाच्या गाडीत दिसलं की समजायचं, जनावर जितं हाय.” त्याची बायको तुळजाबाई रांगेत होत्या. त्यांनीही मान डोलावली. माझ्या बाजूनं तेवढी दोनच माणसं.

१२ मार्च

उमा म्हणते, कालचं बोलणं जास्त झालं. झालं असेल. नियम म्हणजे नियम. एकदा आण्णासाहेबांसाठी मोडला की उद्या प्रत्येकाचा काका येईल गाडी मागायला.

२२ मार्च

शेजारच्या गावात बसलेला बैल जेसीबीच्या बकेटात घालून उचलला. गोरोबानं मोबाइलवर दाखवलं. बैलाचे पाय बकेटाबाहेर लोंबतायत आणि भोवती लोक शिट्ट्या मारतायत. माझी गाडी तिथून हाकेच्या अंतरावर उभी होती. फोन करायला काय झालं होतं? विचारलं तर मालक म्हणतो, “तुमच्या गाडीला लई नियम हायत आप्पा. जेसीबीला कायबी लागत न्हाय.”

गाढवापुढे वाचली गीता. झोप येत नाही.

२८ मार्च

आज बलभीमची चंद्री पडली.

चंद्री म्हणजे त्यांची गावरान गाय, पांढरी, कपाळावर तांबूस चंद्र. बलभीमनं गेल्या महिन्यात गोठ्यात शहाबादी फरशी टाकली, चिखल नको म्हणून. तुळजाबाई सकाळी फरशी धूत होत्या आणि चंद्री घसरली. मागचे पाय दोन्हीकडं फाकले आणि ती तशीच खाली बसली. मी गेलो तेव्हा पुढच्या पायांवर जोर देऊन उठू बघत होती, मागं काहीच हलत नव्हतं. तुळजाबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. “म्या फरशी धुतली, भावजी. म्याच धुतली,” हेच चाललं होतं.

डॉक्टर निकिता ट्रेनिंगला लातूरला. फोनवर मिळाल्या. सगळं ऐकून म्हणाल्या, “काका, हलवू नका. खाली भरपूर गवत घाला, थोड्या थोड्या वेळानं कूस बदला, पाणी पाजा. मी उद्या संध्याकाळी लातूरहून थेट तिथंच येते. खुबा निखळलाय की हाड मोडलंय ते हातानं बघितल्याशिवाय कळायचं नाही. मोडलं असलं तर गाडीच्या हादऱ्यानं आत लागेल.”

उद्या संध्याकाळ. म्हणजे अजून किती ताटकळायचं? जनावर वेदनेनं दात खातंय, धाराशिवला मोठा दवाखाना आहे, एक्सरे आहे, दारात गाडी उभी आहे, अशीच वेळ यावी म्हणून केलेली गाडी. आणि मी गवत घालत बसू? वाट बघून जनावर दगावलं तर लोक म्हणतील, गाडी होती तर नेली का नाही?

बलभीमला सांगितलं. तो घुटमळला. म्हणाला, “डाक्टरीण थांबा म्हणत्यात ना?” मी म्हणालो, त्या लांबून बोलतायत, आपण समोर बघतोय. आण्णासाहेबांसमोर माझी बाजू घेतलीस, आता माझ्यावर विश्वास नाही का? हे बोललो ते बरोबर बोललो की नाही, माहीत नाही. पण तो तयार झाला.

तुळजाबाई तयार नव्हत्या. “हितंच राहू द्या भावजी. जे हुईल ते दारात हुईल. तिची आय बी आपल्या बांधावरच पुरलीय.” मी त्यांना समजावलं. “वहिनी, ही जित्या जनावराची गाडी आहे. ही जाते ती जितं परत आणायला.” त्यावर त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि पदरानं डोळे पुसले. “तुमी म्हणताय म्हून,” म्हणाल्या.

दाखला नाही. पण रस्त्यात कोण दाखला बघणार आहे?

२९ मार्च, सकाळी

निघतो आहे. चंद्री रात्री पाणी प्याली, हे चांगलं लक्षण. उमानं गाडीला हळदीकुंकू लावलं आणि आत गेली. डॉक्टरांना फोन करायचा राहिला. पोहोचल्यावर करीन.

२ एप्रिल

लिहायचं नव्हतं. पण चार दिवस तेच तेच डोक्यात फिरतंय. आणि बाहेर कुणाशी बोलायची सोय राहिलेली नाही.

आधी आजचं लिहितो, ते सोपं आहे. गाडी लिंबाखाली उभी आहे. गोरोबा म्हणतो पिकअपला जोडणार नाही, तिच्यात मढं गेलं, त्याच्या पिकअपमध्ये दुधाचे कॅन जातात. आण्णासाहेबांनी डेअरीवर सगळ्यांदेखत विचारलं, “शरणप्पा, मैतराचं मढं चालतं व्हय? आमचंच तेवढं चालत न्हाय?” मी कॅन उचलला आणि घरी आलो. सख्ख्या भावाचं उदाहरण मीच दिलं होतं.

आता २९ तारखेचं.

चंद्रीला गाडीत घेणं इतकं सुंदर झालं की काय सांगू. हे लिहायची लाज वाटते, पण त्या वेळी मला तसंच वाटलं. डोळ्यांवर फडकं, पोटाखालून फळी, दोघा तिघांनी कुशीनं वळवली, मी चाक फिरवलं, आणि ती हळूच आत सरकली. हंबरली पण नाही. बघायला अर्धं गाव जमलं होतं, एकजणही हसला नाही. मला वाटलं, जिंकलो. तिचं वासरू मागून ओरडत होतं, ते तुळजाबाईंनी धरून ठेवलं.

ढोकी सोडली आणि पोलिसानं हात केला. गाय कुठं नेताय, मालक कोण, डॉक्टरचा दाखला दाखवा. दाखला नव्हता. पोलीस कमी वयाचा, सभ्य होता. “आप्पा, उठता न येणारं जनावर दाखल्याशिवाय न्यायचं नाही, हे तुम्हीच तुमच्या गाडीवर लिहिलंय की,” म्हणाला. खरंच खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. त्याचं बरोबर होतं, म्हणून मी जास्तच चिडलो. वाद घातला. त्यात वेळ गेला, ऊन चढलं, आणि बलभीम चंद्रीच्या अंगावरचं पोतं पुन्हा पुन्हा ओलं करत राहिला. शेवटी पोलिसानं साहेबाला फोन लावला आणि आमच्यासोबत एक माणूस देऊन सोडलं. त्यानंतर रस्त्याचं काम चालू होतं. खडीवरून गाडी हळू घे म्हणालो तर गोरोबा म्हणाला, “याच्यापेक्षा हळू म्हंजी ढकलत न्ह्यावं लागंल.” प्रत्येक धक्क्याला मागून आवाज यायचा. कण्हल्यासारखा. बलभीम तिच्याजवळ बसला होता. पुढं बसलेल्या मला तो आवाज ऐकू येत होता, आणि मी गोरोबाशी मोठ्यानं बोलत होतो.

दवाखान्यात चांगली माणसं होती. लगेच बघितलं. तिथल्या डॉक्टरांनी आतून हात घालून तपासलं, हात बाहेर काढला तो रक्तानं भरलेला. म्हणाले, कंबरेचं हाड मोडलंय, टोक आत गेलंय. मग विचारलं, “हे रस्त्यानं आणलं का?”

रस्त्यानं नाही तर काय विमानानं आणणार, असं तोंडावर आलं होतं. नंतर कळलं ते काय विचारत होते.

दुपार उतरायच्या आत चंद्री गेली. डॉक्टरांनी दुखणं कमी करायची सुई दिली होती, त्यामुळं शेवट शांत झाला. तिचं डोकं बलभीमच्या मांडीवर होतं. सगळं संपल्यावर तो बराच वेळ उठला नाही. मग म्हणाला, “तुजी गाडी चांगली हाय शरण्या. तिला कुटं खरचटलं न्हाय.” मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

मग नेण्याचा प्रश्न. तिथली माणसं म्हणाली, इथंच सोडा, उद्या उचलून नेऊ. बलभीम एकच धरून बसला, “बांधावर न्ह्यायची.” आमच्याकडं घरची गाय रानातच पुरतात, मीठ टाकून, नवं कापड घालून. मी सगळ्यांना विचारून पाहिलं. कुणाचाही टेम्पो मेलेल्या जनावराला येईना. गोरोबा म्हणाला, पिकअपमध्ये मढं घेणार नाही, फार तर गाडी मागं जोडून ओढीन. राहिली माझी गाडी.

मी बलभीमला समजावलं की नियम मोडला तर गाडी संपली. जित्या जनावरांना पुढं कोण नेणार? तू तर तेव्हा म्हणाला होतास, ठरलं म्हंजी ठरलं. तो भिंतीला टेकून बसला. मी दोन फेऱ्या मारल्या. चिडचिड झाली. त्याच्यावर, गोरोबावर, त्या पोलिसावर, फरशीवर, लातूरच्या ट्रेनिंगवर. शेवटी म्हणालो, घ्या आत. अपवाद म्हणून.

आता जे टाळतोय ते लिहितो.

तिला आत घेताना मी नेहमीचं सगळं केलं. फळीवर कुशीनं. मान पेंढीवर टेकवली. डोळ्यांवरचं फडकं तसंच ठेवलं. अंगावर ओलं पोतं घातलं, पार मानेपर्यंत. पोलिसाचा तो माणूस म्हणाला, आता कशाला ओलं पोतं? मी म्हणालो, माश्या बसतात. खरं कारण ते नव्हतं. रस्त्यात ढोकी लागते, सगळी ओळखीची माणसं. कुणी गाडीत डोकावलं तर जिती वाटावी, गाडीला बट्टा लागू नये, गुपचूप रानात नेऊन पुरावी, असं माझ्या मनात होतं. बलभीमला हे मी सांगितलं नाही. त्यानं विचारलंही नाही.

बलभीमनं घरी कळवलं असेल असं मी धरून चाललो, त्याच्याकडं फोन होता. त्याला वाटलं मी उमाला सांगितलं असेल. फोनवर तुळजाबाईंना सांगायचं त्याच्यानं झालं नव्हतं, एवढं नंतर म्हणाला.

रानाकडं जाणारा रस्ता त्यांच्या दारावरूनच आहे. गल्लीत वळलो तेव्हा दिवस मावळतीला आला होता. त्यांच्या ओट्यापाशी स्कुटी उभी. डॉक्टर निकिता शब्द दिल्याप्रमाणं लातूरहून थेट आल्या होत्या, बॅग काढून उभ्याच होत्या. आम्ही कुठं गेलो ते त्यांना तिथं आल्यावर कळलं होतं. माझ्याकडं बघितलं. मग गाडीच्या मागच्या बाजूला बघितलं. पोट हलतंय का, तेच बघत असणार. आणि त्यांनी ओठ दाबून धरले.

तुळजाबाई घरातून आल्या त्या जवळजवळ पळतच. हातात पाटी, पाटीत भाकरीचा काला आणि वर गूळ. गाडीवर लिहिलेलं त्यांना वाचता येत नाही. पण भोंग्यावरचं माझं बोलणं त्यांनी ऐकलं होतं, डेअरीवर बलभीमचंही ऐकलं होतं. मागं चंद्री पोत्याखाली नीट झोपल्यासारखी.

“डाक्टरीणबाई, आली बगा!” त्या हसत होत्या, डोळ्यांत पाणी होतं. “म्या सकाळपास्नं म्हणतेय न्हवं का? ती जिती हाय. मेलेलं न्हाईच घेत भावजी त्या गाडीत.”

बलभीम मान खाली घालून तसाच बसून राहिला. गोरोबानं इंजिन बंद केलं. सांगणं माझं काम होतं. भोंग्यावर तीन तीनदा सांगणारा मी, दार उघडून खाली उतरलो आणि गाडीच्या फाळक्याला धरून उभा राहिलो.

“सरका की भावजी,” त्या म्हणाल्या. माझ्या हाताखालून वाकल्या आणि काल्याचा घास चंद्रीच्या तोंडाशी धरला.